विम्याची मुदत आणि टँकरची रांग

बायकोच्या आरोग्य विम्याच्या फॉर्मवर ‘ओळखीची खूण’ या रकान्यात मी ‘डाव्या कानात पिवळा बिल्ला’ असं लिहून पाठवलं होतं. हे मला कळलं ते बीडहून मॅडमचा फोन आला तेव्हा.

“सचिव, हा फॉर्म माणसाचाच आहे ना?” मॅडमनी विचारलं. दूध संघाच्या कार्यालयात विम्याचं काम त्या बघायच्या. आवाज गंभीर होता, पण मागे कुणीतरी तोंड दाबून हसत होतं ते मला स्पष्ट ऐकू आलं.

“माणसाचाच आहे. आमच्या घरातलाच.”

“मग बिल्ला काढा त्यांचा, आणि खरी खूण सांगा.”

“तीळ आहे. हनुवटीवर.”

“उजवीकडे का डावीकडे?”

“थांबा, विचारून सांगतो,” मी म्हणालो. लग्नाला चोवीस वर्षं झाली होती.

माझी बाजूही ऐकून घ्या. वडवणीकडच्या आमच्या गावात दूध उत्पादकांची सहकारी संस्था आहे, मी तिचा सचिव. सचिव म्हणजे सकाळी दुधाची फॅट बघणारा, दुपारी कागद रंगवणारा आणि संध्याकाळी पुन्हा फॅट बघणारा माणूस. त्या वर्षी पोळ्यानंतर पाऊस फिरकला नव्हता. जनावरं चारा छावणीत न्यायची वेळ आली, आणि न्यायच्या आधी सगळ्यांचा विमा उतरवून घ्या असा संघाचा निरोप आला. आठ दिवस मी नुसते गाईम्हशींचे फॉर्म भरत होतो. रंग कोणता, शिंगं कशी, वेत कितवं म्हणजे किती वेळा व्यायली, कानात बिल्ला कुठल्या बाजूला. त्याच गठ्ठ्यात सभासदांच्या आरोग्य विम्याचे फॉर्म आले. कागद वेगळा होता, पण हाताला कोण सांगणार? ‘वेत कितवं’ हा रकाना माणसांच्या फॉर्ममध्ये नव्हता, हे माझं नशीब.

तीळ डावीकडे होता. तेवढं सांगून मी फोन ठेवणार, तर मॅडम म्हणाल्या, “अजून एक आहे. यांना तुम्ही तुमच्या फॉर्मवर अवलंबित म्हणून दाखवलंय. पण या नावाच्या बाई तुमच्या संस्थेच्या सभासद आहेत.”

“हो, आहेत की.”

“सभासद असेल त्याला दुसऱ्याच्या फॉर्मवर अवलंबित होता येत नाही. त्यांचा स्वतंत्र फॉर्म लागतो.”

“मग स्वतंत्र भरतो.”

“तोही चालणार नाही. त्यांच्या नावावर गेल्या वर्षभरात एक लिटरसुद्धा दूध नाही. अक्रियाशील सभासदाला हा विमा नाही. बघा काय होतंय ते. मुदत संपायला नऊ दिवस आहेत.”

आता हसायचं थांबवून खरं सांगतो. या विम्याची आम्हाला हौस नव्हती, गरज होती. बायकोच्या पोटात उजवीकडे बरगडीखाली दुखायचं. जेवण झालं की दुखायचं, मग पाठीत जायचं, मग ती भिंतीला टेकून डोळे मिटून बसायची आणि विचारलं की म्हणायची, “काई न्हाई, वारं धरलंय.” ते वारं आठ महिने धरून होतं. शेवटी बीडला सोनोग्राफी केली. पित्ताशयात खडे होते. डॉक्टर म्हणाले, घाई नाही, पण फार लांबवूही नका. खडा नळीत जाऊन अडकला तर मग घाईच होईल. दोन महिन्यांत काढून टाका.

ऑपरेशनचा आकडा ऐकून आम्ही दोघं एसटीने वडवणीपर्यंत आलो. उतरताना ती म्हणाली, “गाया इकायच्या न्हाईत. आत्ताच सांगून ठेवते.” तिला माहीत होतं, माझ्या डोक्यात तेच चाललंय. दुष्काळात गाय विकणं म्हणजे गाय हाकलून देणं. आणि पुन्हा घ्यायची म्हटली तर मिळत नाही.

सरकारी दवाखान्यात नंबर लावला. तारीख मिळाली ती चार महिन्यांनंतरची. रेशनकार्डावरची सरकारी योजना होती, तिच्यात हे ऑपरेशन कोणत्या दवाखान्यात बसतं हे मी तीन जणांना विचारलं आणि चार उत्तरं मिळाली. तिसऱ्या माणसाने जाताना हाक मारून आपलं उत्तर बदललं. मग माझा एक वर्गमित्र विमा एजंट होता त्याच्याकडे गेलो. घरच्यांसाठी वेगळी पॉलिसी घेता येईल, तो म्हणाला.

“खड्यांचं ऑपरेशन होईल त्यात?”

“होईल की. दोन वर्षांनी.”

“दोन वर्षं खडे थांबतील का?”

“ते मी कसं सांगू बे? कंपनी थांबायला सांगती. मुतखडा, पित्ताचे खडे, हर्निया, मोतीबिंदू, यांना दोन वर्षं दम काढावाच लागतो.” मग आवाज उतरवून म्हणाला, “आन् ते सोनोग्राफीचं कुणाला दाखवू नको. फाडून टाक.”

“फाडलं तर दोन वर्षं थांबावं लागणार न्हाई?”

त्याने जरा विचार केला. “थांबावं तर लागंलच.”

“मग फाडू कावून?”

त्याने चहा मागवला.

त्यामुळे संघाचा गट विमा आला तेव्हा मी पहिल्यांदा त्याची पुस्तिका पानन् पान वाचली. आधी अशी पुस्तिका आली की आम्ही ती दुधाच्या कॅनखाली घालायचो, कॅन डुगडुगत नाही म्हणून. वाचायला लागलो आणि गुंगलोच. त्यात कुटुंब म्हणजे कोण याची व्याख्या होती. नवरा, बायको आणि पंचवीस वर्षांपर्यंतची दोन मुलं. आमच्याकडे कुटुंब म्हणजे एका चुलीवर जेवतील तेवढे सगळे, त्यात वर्षाकाठी दोन महिने येऊन राहणारा मावसभाऊसुद्धा आला. कंपनीची चूल लहान होती. विम्याची मोठी रक्कम एकट्याची नव्हती, चौघांत मिळून होती. एकाने वापरली की बाकीच्यांना उरेल ती. खाटेच्या भाड्याला मर्यादा होती. जास्त भाड्याची खोली घेतली तर सगळ्याच बिलातून त्या मानाने कापणार, नुसत्या खोलीच्या नाही. हे मी दोनदा वाचलं, कारण माझा विश्वास बसेना. आणि एका ओळीत लिहिलं होतं: आधीपासूनचे आजार पहिल्या दिवसापासून समाविष्ट.

ही ओळ मी बायकोला वाचून दाखवली. ती चुलीपुढे होती.

“म्हंजी खडे धरून?”

“खडे धरून.”

“पहिल्या दिवसापासून?”

“पहिल्या दिवसापासून.”

“मग लिवा की नाव, बसलात काय वाचत.”

लिहिलं तर ते असं लिहिलं, कानात बिल्ला घालून.

पण बिल्ल्याची चूक एका फोनवर सुटली. दुसरी सुटत नव्हती, आणि तीही माझीच होती. सात वर्षांपूर्वी संस्थेची निवडणूक चुरशीची झाली होती. आमच्या चेअरमनच्या पॅनलला मतं कमी पडतील असं वाटलं, तेव्हा एका दुपारी आम्ही घरोघरच्या बायका आणि सुना सभासद करून घेतल्या. फॉर्म अर्थातच मी भरले. त्यात माझी बायको पहिली. तिला विचारलं नव्हतं, “इथं सही कर” एवढंच म्हटलं होतं. ती गायी पिळायची, दूध डेअरीवर आणायची, आणि ते माझ्या नावावर जायचं. तिच्या नावावर फक्त मत होतं. तेही कोणाला द्यायचं हे आम्हीच सांगायचो.

पुढे दोन वर्षांनी असं व्हायला लागलं की काही सभासद वर्षभर दूध खासगीवाल्याला घालायचे आणि दिवाळीचा बोनस जवळ आला की आमच्या दारात कॅन घेऊन हजर. म्हणून सर्वसाधारण सभेत नियम झाला: वर्षभरात ठरावीक दिवस दूध घालील तोच क्रियाशील, त्यालाच संस्थेचे फायदे. नियमाची भाषा कोणी लिहिली? मीच. सभेत खड्या आवाजात वाचून कोणी दाखवली? तीही मीच. टाळ्या पडल्या होत्या. आता तोच नियम घरी येऊन बसला होता. एका कागदामुळे बायको माझ्या फॉर्मवर बसत नव्हती आणि दुसऱ्या कागदामुळे स्वतःच्या. दोन्ही कागदांवर अक्षर माझं.

मी मॅडमना पुन्हा फोन केला. वाद घालायला नाही, खरंच समजून घ्यायला. “मॅडम, ही मुदतच कशाला? वर्षभर उघडं ठेवा की. ज्याला लागेल तो येईल.”

“ज्याला लागेल तोच येईल सचिव. तीच अडचण आहे,” त्या म्हणाल्या. “ऑपरेशन ठरलं की नाव घालायचं, झालं की काढायचं. बाकीचे कशाला भरतील मग? सगळे एका वेळी आत आले, आजारी आणि धडधाकट, तरच आम्हाला आधीचा आजार पहिल्या दिवसापासून देता येतो.”

हे तर आमच्याच बोनसचं झालं. खासगीवाल्याकडून दिवाळीला येणाऱ्या कॅनवाल्यांना मी जे ऐकवलं होतं, ते मॅडम मला जरा गोड करून ऐकवत होत्या. मला राग यायला हवा होता, पण खरं सांगतो, मला ते आवडलं. इतकी वर्षं मला वाटत होतं की मुदत म्हणजे कचेरीतल्या माणसाला उन्हाळ्यात आराम मिळावा म्हणून केलेली सोय.

“मधे कुणालाच घेत नाही?” मी विचारलं.

“दोघांना घेतो. नवं लग्न झालं तर नवरा किंवा बायको, आणि नवं जन्मलेलं मूल.”

हे मी छावणीत बायकोला सांगितलं तेव्हा चेअरमन शेजारीच बाजेवर बसले होते. त्यांच्या चार म्हशी आमच्या गायींच्या पलीकडे बांधलेल्या असायच्या. ते म्हणाले, “मग सोपं हाय सचिव. परत लगीन लावा दोघांचं. मी मामा म्हणून हुबा राहतो.”

“नगं,” बायको उसाच्या वाढ्याची पेंडी सोडत म्हणाली. “एकदा चुकलं त्येच लई झालं.”

हसून झालं. पण हसता हसता तिने एक हात बरगडीखाली दाबून धरला, आणि चेअरमननी ते बघितलं.

त्या दुपारी मी संस्थेचे उपविधी काढून बसलो. उपविधी म्हणजे संस्था कशी चालवायची याचं पुस्तक. निवडणूक आणि भांडण या दोनच वेळी ते कपाटातून निघतं. बायकोने राजीनामा द्यावा आणि माझी अवलंबित व्हावं, हा पहिला विचार. पण राजीनाम्याला सहा महिन्यांची आगाऊ सूचना लागत होती. पुढे वाचत गेलो. एका पानावर सापडलं: सभासदाला आपला भाग त्याच्या कुटुंबातील व्यक्तीच्या नावे करता येईल, आणि भागासोबत दूध खातेही त्याच व्यक्तीकडे जाईल. त्याला सूचना लागत नव्हती. संचालक मंडळाचा ठराव पुरत होता.

मी ते तीनदा वाचलं. म्हणजे तिला माझ्या फॉर्मवर आणता येत नव्हतं, पण मला माझं खातं तिच्याकडे नेता येत होतं. माझा भाग, म्हणजे शेअर, तिच्या नावे केला की वर्षभराचं दूध तिचं, ती क्रियाशील, फॉर्म तिचा. आणि मी? सचिव पगारी माणूस, त्याला सभासद असण्याची गरज नाही. मी राहीन तिच्या फॉर्मवर. अवलंबित. मॅडमना विचारलं. त्या म्हणाल्या, “मुदतीच्या शेवटच्या दिवशी यादीत खातं कोणाच्या नावावर आहे, एवढंच मी बघते. ठराव आणा.”

चेअरमनना मात्र ते पटेना.

“दोन भाग एकीच्या नावावर? म्हंजी मत एकच?”

“एकच.”

“एक मत गेलं की वं. निवडणूक फुडल्या सालात हाय.”

“चेअरमन, तिचं ऑपरेशन—”

“मी न्हाई म्हणलं का? पर दुसरी वाट बगा. आजून दिवस हायती.”

“पाच आहेत.”

बायको पलीकडे गाय पिळत होती. धार थांबली नाही, मानही वळली नाही. तिथूनच म्हणाली, “भाऊजी, सात वर्सांत माझं मत मी कवा दिलं का?”

“दिलंय की वैनी. दर टायमाला देता.”

“टाकलंय. दिलं तुमी.”

चेअरमननी डोक्यावरची टोपी काढली, पुन्हा घातली. हा माणूस वाईट नाही. दुष्काळात छावणी मिळावी म्हणून त्याने तहसीलला जितके हेलपाटे घातले तितके मी सासुरवाडीला, आष्टीकडे, चोवीस वर्षांत घातले नसतील. पण मत मोजायची सवय लागलेल्या माणसाला कमी होणारं मत दाढेसारखं दुखतं.

“भाऊजी,” बायको पुन्हा म्हणाली, “दोन मतं कागदावर ठिवायची का एक माणूस जित्तं ठिवायचं, येवढं बोला. मला आजून एक गाय पिळायचीय.”

“तातडीची सभा लावा सचिव,” चेअरमन म्हणाले. “पर मत पॅनललाच पायजे.”

“ते मी पेटीला सांगंन,” बायको म्हणाली.

तातडीच्या सभेला पाच संचालक लागतात. एक पुण्याला लेकीकडे, दोघे कोयता घेऊन ऊसतोडीच्या टोळीबरोबर कारखान्यावर गेलेले. उरले सहा. त्यातला एक म्हणाला, ज्या सभेत सचिव स्वतःचंच काम करून घेतोय तिथं मी कशाला येऊ. त्याचं बरोबर होतं. चेअरमन धरून चौघे छावणीत होते. पाचवे संचालक, सगळ्यांत वयस्कर, टँकरच्या रांगेत उभे.

मी त्यांना बोलवायला गेलो. “दादा, सभा आहे. दहा मिनिटं चला.”

“आन् नंबर?”

“मी उभा राहतो तुमच्या नंबरावर.”

“तू सचिव हायेस. तू सभेत नसशील तर प्रोसिडिंग कोण लिवणार?”

“तुमच्या सूनबाईला उभं करा.”

“ती गरीब हाय, कुणी फुडं घुसलं तरी बोलत न्हाई, आन् हितं भांडणाला माणूस लागतो. मी जात न्हाई. सभा हितं आणा.”

मग सभा तिथे आली. चेअरमन आणि तीन संचालक रांगेच्या बाजूला उभे राहिले. मी एक रिकामा ड्रम उपडा घातला आणि त्यावर प्रोसिडिंग बुक ठेवलं. रांग हलली की दादा एक पाऊल पुढे सरकायचे, त्यांच्याबरोबर चेअरमन सरकायचे, मग संचालक आणि शेवटी मी ड्रम ढकलत. विषय वाचला. सूचक चेअरमनच झाले. अनुमोदक म्हणून दादांचं नाव पुकारलं तेव्हा ते पुढच्या बाईशी भांडत होते.

“दादा, अनुमोदन?”

“दिलं की! बाई, तुमची घागर माझ्या फुडं कशी?”

‘सभेचे ठिकाण’ लिहिताना मी अडलो. संस्थेचं कार्यालय असं लिहायची पद्धत. पण कागदावर एक आणि खरं दुसरं, असं करूनच आम्ही या रांगेपर्यंत आलो होतो. मी लिहिलं: चारा छावणी, पाण्याच्या टँकरजवळ. पुढे लेखापरीक्षकाने त्याखाली लाल रेघ मारली आणि वर बघून विचारलं, “पाणी मिळालं का मग?” पाचवी सही झाली तेव्हा दादा नळीपाशी पोचले होते. सहीवर दोन थेंब पडलेत, ते अजून दिसतात.

मुदतीचा शेवटचा दिवस आम्ही दोघांनी मिळून बीडला काढला. मॅडमनी नवा फॉर्म दिला. सभासदाचं नाव, बायकोने स्वतः लिहिलं. सावकाश लिहिते ती, पण अक्षर माझ्यापेक्षा बरं आहे हे मला तिथे पहिल्यांदा दिसलं. मग ‘अवलंबित व्यक्ती’ हा रकाना आला. तिने माझं नाव लिहिलं. नात्यापुढे ‘पती’ लिहिलं. व्यवसायापुढे थांबली आणि माझ्याकडे बघितलं.

“सचिव लिव,” मी म्हणालो.

तिने लिहिलं आणि पुढच्या रकान्याला आली: पूर्वीचे आजार. गावातून निघताना एकाने मला बाजूला घेऊन सांगितलं होतं की तिथे ‘नाही’ लिहा, उगीच फाटे फुटतात. मी ते तिला कुजबुजत सांगितलं.

ती मॅडमकडे वळली. “ताई, इथं खडे लिवले तर तुमी नाव काडून टाकनार का?”

“नाही हो. या विम्यात चालतं. लपवलं तरच पुढे त्रास.”

“मग,” ती मला म्हणाली, “पोटात हायेत ते कागदावर नसून कसं चालंल?” आणि लिहिलं. पित्ताशयात खडे, तीन.

विमा पुढच्या महिन्याच्या पहिल्या तारखेला सुरू व्हायचा होता. त्याआधीचे अठरा दिवस मी जन्मात विसरणार नाही. ती जेवली की मी तिच्या तोंडाकडे बघत बसायचो. ती म्हणायची, “असं बगू नका, घास उतरत न्हाई.” एकदा रात्री कळ आली ती पहाटेपर्यंत टिकली. खडा सरकला असं मला वाटलं. आता दवाखान्यात न्यावं तर विमा सुरू नाही, आणि न न्यावं तर खडा नळीत. मी चप्पल घालून उभा राहिलो. तारीख गेली चुलीत, असं मी मनाशी म्हटलं आणि शेजारची जीप बोलवायला दार उघडलं. ती मागून म्हणाली, “थांबा. उतरलं.” मी चप्पल न काढता उंबऱ्यावर बसून राहिलो. त्या पहाटे मला पुस्तिकेतलं एकही कलम आठवत नव्हतं.

पाच तारखेला ऑपरेशन झालं. यादीतल्या दवाखान्यात, सकाळी दहाला कागद दिले. मी आधीच सांगून टाकलं, सर्वसाधारण वॉर्डातली खाट द्या. खिडकीवरचा मुलगा म्हणाला, वेगळी खोली मोकळी आहे. मी त्याला खोलीभाड्याचं कलम समजावून सांगायला लागलो आणि तो इतक्या आदराने ऐकायला लागला की मला वाटलं, मला कंपनीचा माणूस समजला असावा. मंजुरी कंपनीकडून यायची होती. बारा वाजले, दोन वाजले. उपाशीपोटी ती खाटेवर बसून होती. चारला मंजुरी आली. खिडकीवरच्या मुलाने नाव पुकारलं ते तिचं. मी उठलो.

“सभासद कोण?”

“या,” मी म्हणालो.

“आणि तुम्ही?”

मी सांगितलं. इतका वेळ आदराने बोलणाऱ्या त्या मुलाने मला बाहेरच्या बाकावर बसायला सांगितलं.

सगळं नीट झालं. तीन खडे एका छोट्या बाटलीत घालून आम्हाला दाखवले. हरभऱ्याएवढे. ती बराच वेळ बाटली उजेडात धरून बघत होती. “येवढ्याशांनी केवडं नाचवलं,” म्हणाली.

डॉक्टरांनी महिनाभर वजन उचलू नका, जनावरांत जाऊ नका असं बजावलं. मग गायी पिळणार कोण? मी. वीस वर्षं फॅट बघणाऱ्या सचिवाने कासेला हात लावला तेव्हा थोरल्या गाईने मान वळवून मला नीट बघितलं आणि बादली लाथाडली. दुसऱ्या दिवशी चेअरमन येऊन मला शिकवायला लागले. छावणीत बघे जमले. चौथ्या दिवशी अर्धी बादली निघाली, तर कुणीतरी टाळ्या वाजवल्या. ती बादली मी डेअरीवर नेली, फॅट बघितली आणि नोंद केली. माझ्या हाताने काढलेलं दूध, माझ्याच अक्षरात, तिच्या नावावर. गंमत वाटली. मग लक्षात आलं की ती चोवीस वर्षं नेमकं हेच उलट्या बाजूने करत होती, आणि तिला त्यात गंमत वाटली असेल असं मला काही वाटत नाही.

संध्याकाळी घरी आलो तर ती ओसरीवर बसली होती. मांडीवर विम्याची पुस्तिका. ती वाचत होती, बोट ठेवून, ओळीओळीने. मला बरं वाटलं. म्हटलं, आता घरात दोघं जाणकार झालो. मी हातपाय धुतले, शेजारी बसलो आणि विचारलं, काही अडतंय का, समजावून सांगू का?

“न्हाई, समजतंय,” ती म्हणाली. पान उलटलं. “हितं लिवलंय, दर वर्सी मुदत लागली की सभासदानं नवा फॉर्म भरायचा. कुणाला ठिवायचं, कुणाला काडायचं, ते त्यानंच ठरवायचं.”

“हो. तसंच असतं.”

“मग फुडच्या साली फॉर्म मी भरनार,” ती म्हणाली. “तुमचं नाव घालायचं का न्हाई, ते तवा बगू.”